पासष्टची रेघ
चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की महसूल मंडळात अतिवृष्टी. मोजणी मात्र मंडळातल्या एका हवामान केंद्रावर. झरी जामणी तालुक्यातल्या मुकुटबनच्या यंत्राने साठच दाखवले, तर पलीकडच्या शिवारात नाल्याने खरडून नेलेली पऱ्हाटी कागदावर डौलात उभी! ‘महावेध’ प्रकल्पामुळे राज्यभर मंडळनिहाय स्वयंचलित केंद्रे आली, हे चांगलेच, पण पाऊस मंडळाची हद्द पाळत नाही. केंद्र सरकारच्या ‘विंड्स’ योजनेत ग्रामपंचायतनिहाय पर्जन्यमापकांची तरतूद आहे. झरी जामणीसारख्या आदिवासीबहुल तालुक्याला त्यात अग्रक्रम हवा. आणि रोजची नोंद पंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहावी. मग पंचनाम्याला आलेल्या तलाठ्याशी, विमा कंपनीच्या माणसाशी शेतकऱ्याला आकड्यानिशी भांडता येईल.