स्वमग्न मुलांचा पहिला शब्द मराठीतच हवा



मराठी शाळा, मराठी पुस्तके आणि मराठी शिक्षकांची पदे यांसाठी आपण नेहमी निवेदने देतो. त्या यादीत आणखी एका मागणीची भर घालावी, ही विनंती. स्वमग्न, म्हणजेच ऑटिझम असलेल्या मुलांचे उपचार त्यांच्या घरच्या भाषेत झाले पाहिजेत.

मी या मुलांसोबत वर्तनोपचाराचे काम करते. यात गोळी नाही, इंजेक्शन नाही. मूल डोके आपटते, चावते, किंचाळते, तेव्हा त्याआधी काय घडले आणि नंतर त्याला काय मिळाले, याची नोंद आम्ही रोज ठेवतो. बहुतेक वेळा असे दिसते, की मुलाला काही सांगायचे असते आणि सांगायला साधन नसते. ते साधन देणे, हे आमचे काम. कधी शब्द, कधी खूण, कधी चित्राचे कार्ड. मुलाला मदत मागायला शिकवले की असे वर्तन कमी होते, हे एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्येच दाखवून दिले आहे.

आता आपल्या घरात या. ताटात नावडती भाजी पडली की मूल ताट भिरकावते. त्याला एकच शब्द यायला हवा : ‘नको’. तो शिकवायला कित्येक आठवडे लागतात. मुलाने ‘नको’ म्हणताच भाजी बाजूला झाली पाहिजे, आणि आई, आजी, काका सर्वांनी तसेच वागले पाहिजे. उपचार हिंदीतून होतात तेव्हा मूल ‘नहीं’ शिकते. घरी आजी मात्र विचारते, ‘नको का रे?’ इतर मुले दोन्ही शब्द सहज उचलतात. स्वमग्न मुलाला एका खोलीत शिकलेली गोष्ट दुसऱ्या खोलीत वापरणेही अनेकदा जड जाते. तिथे भाषाही बदलली, तर आठवड्यांची मेहनत वाया जाते.

याहून घातक आहे तो सल्ला : ‘दोन भाषांनी मूल गोंधळेल, घरी फक्त हिंदी बोला.’ अनेक पालक तो निमूटपणे पाळतात. जिचे हिंदी बाजारापुरते, ती आई मुलाशी कमी बोलू लागते. अंगाई थांबते, आजी गप्प होते. ज्याला बोलणे सर्वांत जास्त ऐकायला हवे, त्याच्याच कानावर ते सर्वांत कमी पडते. या सल्ल्याला शास्त्राचा आधार नाही. कॅनडातील ७५ स्वमग्न मुलांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन भाषांच्या घरातील मुले भाषेत मागे पडल्याचे त्यात आढळले नाही.

कोणी म्हणेल, राज्य हिंदीचे, मुलाला इथेच राहायचे आहे. खरे आहे. हिंदी त्याला जरूर शिकवू, पण ‘नको’, ‘दे’, ‘दुखतंय’ हे पक्के झाल्यावर. आणि हा हक्क केवळ मराठी घरांचा नाही. बुऱ्हाणपुरातील उर्दू आणि निमाडी बोलणाऱ्या घरांचाही तो तितकाच आहे.

कायदा आपल्या बाजूने आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ऑटिझमला नावानिशी स्थान दिले. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याने ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, असे राज्यघटनेचे ३५०-अ कलम सांगते. धडा मातृभाषेत द्यायचा, तर पहिला शब्द का नको?

म्हणून मंडळाने तीन गोष्टी कराव्यात. एक, जिल्ह्यात या मुलांसाठी किती पदे मंजूर आहेत, किती भरलेली आहेत आणि त्यांपैकी कितीजणांना मराठी येते, हे माहितीच्या अधिकारात लेखी विचारावे. दोन, आपल्या दोन-तीन मुलामुलींना भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमासाठी शिष्यवृत्ती द्यावी. त्यांनी परतून इथे काम करावे, एवढी एकच अट. तीन, मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला हा प्रश्न विचारावा. १८०-एक किलोमीटरवरच्या इंदूरला दर आठवड्याला मूल न्यायचे, तर पॉवरलूमवर काम करणाऱ्या बापाची एका दिवसाची मजुरी बुडते. त्याला उत्तर द्यायला कोणीतरी बांधील असले पाहिजे.

पालकांना एवढेच सांगते : मुलाशी मराठीत बोला, भरपूर बोला. आणि गणेशोत्सवात एखादे मूल लाउडस्पीकरपुढे कान दाबून ओरडू लागले, तर ‘आईने वळण लावले नाही’ म्हणण्याऐवजी आवाज कमी करा. तेही त्याचे ‘नको’च आहे.