हौदातला पिकू

करी रोडच्या जुन्या चाळींमागे जिथे हातभर अंगण अजून शिल्लक आहे, तिथे कुमुदिनीच्या हौसेपायी कोणीतरी सिमेंटचा हौद बांधतो, आणि त्या हौदात बोटाच्या पेराएवढे मासे फिरू लागले की पाहणारा प्रत्येक जण त्यांना ‘गप्पी’ ठरवून मोकळा होतो. या समजुतीमागे शहराचा इतिहास आहे. १९११ साली डॉ. बेंटले यांनी मुंबईतील हिवतापाच्या कारणांचा तपास करून जो अहवाल सादर केला, त्यात विहिरींतून पैदा होणाऱ्या डासांवर मुख्य ठपका होता. पुढे विहिरी झाकण्याचे, बुजवण्याचे हुकूम सुटले, आणि कालांतराने अळ्या खाणारा दक्षिण अमेरिकेतील गप्पी महापालिकेच्या कीटकनाशक खात्याच्या बंदोबस्तात कायमचा दाखल झाला.

परंतु आमच्या हौदातील मासा गप्पी नव्हे. त्याची ओळख पटविण्यास जाळे नको की बरणी नको. सकाळचे ऊन पाण्यावर तिरपे पडले असता कडेला स्वस्थ बसावे आणि वरून पाहावे. पाण्याच्या अगदी पृष्ठभागालगत निश्चल राहणारा, चपट्या डोक्याचा व वर वळलेल्या तोंडाचा हा मासा आपल्या मस्तकाच्या मध्यभागी एक रुपेरी ठिपका बाळगतो, आणि तो ठिपका गढूळ पाण्यातूनही लकाकतो; गप्पीच्या मस्तकावर असे काहीही नसते. पाठीचा पर थेट शेपटीजवळ, नराच्या अंगावर सोनेरी ठिपक्यांच्या ओळी, मादीच्या मागील भागावर काळे उभे पट्टे, पूर्ण वाढ झाल्यास लांबी सुमारे चार इंच, एवढा तपशील जुळला की तो पिकू, शास्त्रीय परिभाषेत अप्लोकाइलस लिनिएटस, हे निःशंक समजावे. नाकापासून शेपटीपर्यंत एकच काळी रेघ आणि दुभंगलेली शेपटी दिसली तर तो रास्बोरा. अंगावर दोन काळे ठिपके असलेली चपटी मासोळी ती टिक्टो.

पिकूविषयी मला विशेष ममत्व वाटते ते अशासाठी, की शास्त्राच्या दप्तरात त्याची पहिली नोंदच मुंबईची आहे. क्युव्हिए आणि व्हॅलेन्सिएन या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञांच्या मत्स्यविषयक महाग्रंथात, १८४६ साली, व्हॅलेन्सिएन यांनी मुंबईहून गेलेल्या नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले. म्हणजे गिरणीचा पहिला भोंगा वाजण्यापूर्वीच हा जीव या बेटाच्या नावाने जगाला ठाऊक झाला होता. आमच्या हौदात त्याला कोणी आणून सोडले नाही. त्याची अंडी चिकट तंतूंनी पाणवनस्पतींना लगडतात व साधारण दोन आठवड्यांनी फुटतात. तेव्हा कुमुदिनीच्या रोपांबरोबरच ती आली असावीत, असे मी मानतो.

डासांच्या अळ्या पिकूही आवडीने खातो. अशा हौदात वर आणखी गप्पी ओतण्याचे प्रयोजन काय? गप्पीची मादी अंडी न घालता दर महिन्याच्या सुमारास जिवंत पिले देते, आणि चार हात पाण्यात ती संतती किती वेगाने माजते हे मासे पाळणाऱ्या कोणासही विचारावे. म्हणून फवारणीसाठी येणाऱ्या पालिकेच्या कर्मचाऱ्यास माझी विनंती ठरलेली असते: “दादा, औषध नको, गप्पीही नकोत, आधी इथे वाकून त्या डोक्यावरचा ठिपका पाहा.”