काठीच्या बळावर उडणारा वृद्ध

मुलांच्या खेळाचा नायक म्हातारा असावा, ही कल्पनाच आज कोणास रुचणार नाही. परंतु ‘डकटेल्स’ या व्हिडिओ गेमचा नायक अंकल स्क्रूज हा पिकल्या कल्ल्यांचा, हाती काठी घेतलेला धनाढ्य बदक आहे. कार्ल बार्क्स यांनी १९४७ साली हे पात्र चित्रकथेत आणले. पुढे त्यावर कार्टून मालिका झाली आणि १९८९ मध्ये जपानच्या कॅपकॉम कंपनीने हा खेळ काढला. नव्वदच्या दशकात रविवारी दूरदर्शनवर ही मालिका हिंदीतून लागे. त्याच सुमारास टीव्हीला जोडावयाचे खेळाचे यंत्र आणि कॅसेट सीताबर्डीच्या बाजारातून रामदासपेठेतील आमच्या घरीही मुलाच्या हट्टाने आले.

यंदाच्या सुट्टीत मुलाने या खेळाची २०१३ मधील नवी आवृत्ती आपल्या लेकासाठी संगणकावर घातली. चित्रे रेखीव झाली आहेत. रचना मात्र तीच. ॲमेझॉनचे अरण्य, ट्रान्सिल्व्हानियाचा वाडा, आफ्रिकेतील खाण, हिमालय आणि चंद्र. उडी घेऊन काठी खाली रोवली की म्हातारा चेंडूसारखा उसळतो आणि काट्यांवरूनही सुखरूप पार होतो. काही हिरे तर रिकाम्या जागेतून गेल्यावरच प्रकट होतात. या आवृत्तीत स्क्रूजला आवाज देणारे ॲलन यंग तेव्हा ९३ वर्षांचे होते, हे कळल्यापासून मी तो आवाज अधिक आदराने ऐकतो.

आमच्या सौभाग्यवतींनी मात्र रास्त शंका काढली. आपण आयुष्यभर अपरिग्रहाची प्रवचने ऐकायची आणि नातवाला तिजोरी भरावयास शिकवायचे, हे कसे? मी जन्मभर बँकेत लोकांच्या ठेवी मोजल्या. म्हणून या प्रश्नाचे उत्तर हिशेबानेच दिले. मूळ खेळात धन म्हणजे केवळ गुण. नव्या आवृत्तीत त्या धनातून जुनी रेखाटने पाहावयास मिळतात आणि स्क्रूजला तिजोरीतल्या नाण्यांत पोहता येते. कॅसेटची किंमत एकदाच दिली. त्यानंतर खेळाने घरातला एक पैसाही मागितला नाही. याउलट नातवाच्या मोबाइलवरील खेळ पहिल्या दिवशी फुकट असतो आणि चौथ्या दिवशी नाण्यांच्या पेटीसाठी खरे रुपये मागतो. मूल हरून रडवेले झाले की नेमक्या त्याच क्षणी ती पेटी पडद्यावर झळकते. ग्राहकाची अडचण पाहून दर लावणाऱ्यास आमच्या व्यवसायात सावकार म्हणत. मुलाच्या खात्याशी जोडलेली ती सोय मी त्याला सांगून बंद करविली. नातू दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

जुना खेळही सोपा नव्हता. कॅसेटवर मोजकेच जीव मिळत, मधला टप्पा जपून ठेवण्याची सोय नव्हती; हरलात की आरंभापासून. नव्या आवृत्तीत सोपी पातळी आहे, तीच नातवाने निवडली. त्यात मला वावगे वाटले नाही. खटकले ते निराळेच. डाउनलोड करून मिळणारी ही आवृत्ती २०१९ च्या ऑगस्टमध्ये विक्रीतून काढली गेली आणि २०२० च्या मार्चमध्ये परत आली. ज्यांनी आधी घेतली होती त्यांची शाबूत राहिली, इतरांना मात्र मधले महिने ती विकत मिळेना. कपाटातल्या कॅसेटला असे कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागत नसे.

अबोला आता संपला आहे. नातू हिमालयावर पोहोचला असून तेथील भुसभुशीत बर्फात काठी रुतते आणि तेवढ्यात शत्रू गाठतात. ‘आजोबा, काठी कधी टेकवायची नाही ते सांगा,’ म्हणून तो मला शेजारी बसवून घेतो.