काट्याची दादागिरी

जुळे सोलापुरात पहाटे फिरायला जाणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला : "मग, किती किलो उतरलं?" या प्रश्नाची मला चीड आहे. झोप सुधारली का, रक्तदाब खाली आला का, जिना चढताना धाप कमी झाली का, हे कुणी विचारत नाही. किलो सांगा, नाहीतर गप्प बसा. आमच्या भागातल्या कितीतरी बायकांचं चालणं याच प्रश्नाने बंद पाडलं, आणि 'महिन्यात दहा किलो' असे फलक लावणाऱ्यांची दुकानं त्यावरच चालतात.

आमच्या गल्लीतल्या एक काकू. साडीखाली नातवाचे बूट, कुत्र्यांसाठी हातात काठी, ऊन चढायच्या आत फेरी पुरी. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) आठाच्या वरून साडेसाताच्या आत आली. तरी दवाखान्यात त्यांना काट्यावर उभं केलं, "काहीच फरक नाही" असं सुनावलं आणि रिपोर्ट न वाचताच बाजूला सारला. काकूंनी बूट नातवाला परत दिले. "पाय झिजले बघा, पण काटा काय हलंना. कशाला जायचं ओ?" दवाखान्यातल्या त्या एका वाक्याने झालेलं नुकसान कुठल्या गोळीने भरून निघणार?

काटा हलला नाही यात नवल नाही. सत्तर किलोचा माणूस अर्धा तास चालला तर सव्वाशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात. घरी येऊन साखरेचा चहा आणि दोन-तीन बिस्किटं घेतली की हिशेब बरोबर. वजन कमी करणं हे मुख्यतः ताटाचं काम. कमी झालेलं टिकवायला चालणं मदत करतं. हे लपवून 'चाला आणि बारीक व्हा' सांगणं ही सरळसरळ फसवणूक आहे.

चालण्याचं खरं काम आत होतं. पोटऱ्या आणि मांड्या हलू लागल्या की तिथले स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, इन्सुलिन धड काम करत नसलं तरीही. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी तीन वर्षांत ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. ज्यांनी खाणं सुधारलं आणि रोज अर्धा तास चालणं ठेवलं, त्यांच्यात ३९ टक्के. या दुसऱ्या गटाचं सरासरी वजन जवळपास होतं तिथंच राहिलं होतं! हा निष्कर्ष वीस वर्षांत आमच्या दवाखान्यांच्या भिंतींपर्यंत का पोचला नाही?

वर, आपल्या लोकांच्या बाबतीत काटा धडधडीत खोटं बोलतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, दोघांचाही २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. तेव्हा "माझं कुठं वजन आहे, मी कशाला चालू?" म्हणणाऱ्या सडपातळ सोलापूरकरांनीही बूट घालावेत.

दहा हजार पावलांचं भूतही उतरवा. तो आकडा १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजणारं यंत्र विकण्यासाठी काढलेला. सरासरी ७२ वर्षांच्या अमेरिकी बायकांच्या २०१९ मधल्या अभ्यासात, रोज ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४१ टक्क्यांनी कमी दिसलं. साडेसात हजारांच्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. एवढी पावलं घरकाम आणि सकाळची एक फेरी मिळून सहज होतात. फक्त त्यासाठी फुटपाथ मोकळा हवा, त्यावर लावलेल्या चारचाकींना वळसा घालून म्हाताऱ्या माणसांना डंपरपुढे उतरावं लागू नये.

आणि डॉक्टरांनो, पुढच्या वेळी अशी बाई आली तर आधी तिची कंबर मोजा, रक्तदाब बघा, साखरेचा रिपोर्ट शेवटपर्यंत वाचा. आकडा उतरला असेल तर तिला तसं सांगा, मोठ्याने, सोबत आलेल्या सुनेलाही ऐकू जाईल असं.