मुसळाचे चूर्ण

भागवताच्या एकादश स्कंधाच्या आरंभी जी मुसळाची कथा आहे, ती ज्या घरी ऐकलेली नाही असे घर आमच्या वाचकांत विरळा. ऋषींच्या शापाने सांबाच्या पोटी लोखंडी मुसळ निपजले. नगरजन भयभीत झाले. आहुक राजाने त्या मुसळाचे चूर्ण करवून ते समुद्रात टाकविले. अरिष्ट टळले असे त्या वेळी पुष्कळांस वाटले असावे. पुढे लाटांनी ते चूर्ण किनाऱ्यास आणून लाविले, त्यातून एरका नावाचे गवत उगवले, आणि तेच गवत उपटून यादव एकमेकांवर तुटून पडले. उरलेला लोखंडाचा तुकडा एका मत्स्याने गिळला होता. तो जरा नामक व्याधाच्या बाणाचे टोक होऊन परत आला. पुराणिकबुवा ही कथा शापाचा महिमा म्हणून सांगतात, आणि ते यथायोग्यच आहे. परंतु आम्हांस तीत दुसरीही एक गोष्ट दिसते. शस्त्र नाहीसे करणे हे ते घडविण्याइतकेच जोखमीचे कार्य आहे, आणि ते घाईने व दृष्टीआड उरकले म्हणजे शस्त्र नाहीसे होत नाही. ते दुसऱ्या कोणाच्या तरी किनाऱ्यास जाऊन लागते.

ही केवळ पुराणातील वांगी नव्हेत. दुसरे महायुद्ध संपल्यावर जर्मनीचे विषारी गोळे व पिंपे विजयी राष्ट्रांनी बाल्टिक समुद्रात, बॉर्नहोम बेटाच्या आसपास बुडविली. पुढे कित्येक वर्षे तेथील कोळ्यांच्या जाळ्यांत माशांबरोबर त्या विषाचे गोळे येत, आणि हात लावणाऱ्याच्या अंगावर भाजल्यासारखे फोड उठत. अमेरिकेनेही १९७० पर्यंत आपले असले पदार्थ जहाजांत भरून ती जहाजे समुद्रात बुडविली आहेत. कोळ्यांस कोणी विचारले नव्हते, हे निराळे सांगणे नको.

ह्या विषाचे एक उदाहरण सांगितले पाहिजे, कारण पुढील हकीकत त्याच्याशीच संबद्ध आहे. मस्टर्ड वायू असे ज्यास म्हणतात तो वस्तुतः वायू नव्हे; ते गंधक व क्लोरीन ज्याच्या घटनेत आहेत असे तेलकट द्रव्य आहे. पहिल्या महायुद्धात, जुलै १९१७ मध्ये, बेल्जममधील ईप्रेपाशी जर्मन सैन्याने ते प्रथम वापरले. अंगावर पडले तरी त्या क्षणी काही कळत नाही. काही तासांनी कातडी सोलून निघते, डोळे जातात, फुप्फुसे करपतात. आमच्या सूनबाई महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवितात. त्या म्हणाल्या, 'मामंजी, ह्यात आता गुपित असे काहीच उरलेले नाही. त्याची घटना पुस्तकातच दिलेली आहे.' हे त्यांचे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्याचा उपयोग पुढे पडणार आहे.

अमेरिकेच्या केंटकी प्रांतात रिचमंड नावाचे लहानसे गाव आहे. त्याच्या शेजारी लष्कराच्या कोठारात असल्या विषांनी भरलेले पाचशेहून अधिक टन पदार्थ, सुमारे एक लक्ष गोळे व अग्निबाण ह्यांच्या रूपाने, पडून होते. १९८४ च्या सुमारास लष्कराने गावकऱ्यांस बोलावून सांगितले की, हे सर्व येथेच भट्टी बांधून जाळून टाकावयाचे आहे. अधिकाऱ्यांची कल्पना अशी असावी की, लोक ऐकून घेतील आणि घरी जातील. लोक घरी गेले नाहीत. भट्टीच्या धुराड्यातून काय बाहेर पडेल, आमच्या मुलांची शाळा वाऱ्याच्या कोणत्या बाजूस आहे, भट्टी बिघडली तर घंटा कोण वाजविणार, असे प्रश्न त्यांनी सुरू केले. ह्यांत पुढाकार घेणारे क्रेग विल्यम्स हे शेजारच्या बेरिया गावचे सुतारकाम करणारे गृहस्थ. व्हिएतनामच्या युद्धात सैनिक होते, शास्त्रज्ञ मुळीच नव्हते. शस्त्रे राहू द्या, असे त्या लोकांनी म्हटले नाही, हे विशेष. ती नष्ट झालीच पाहिजेत, परंतु दुसऱ्या रीतीने, असे त्यांचे म्हणणे होते, आणि दुसरी रीत कोणती ह्याचा अभ्यास ते स्वतः करू लागले.

ही खटपट वर्षानुवर्षे चालली. अखेर १९९६ साली अमेरिकेच्या कायदेमंडळाने, जाळण्यावाचून दुसरे मार्ग शोधावे असे ठरविले, आणि ते तपासण्यासाठी जी सभा बसविली तीत लष्करी अधिकारी, प्रांतांचे अधिकारी आणि कोठारांशेजारी राहणारे नागरिक एका मेजाभोवती बसले. त्या सभेचे नावच मुळी 'संवाद' असे ठेविले होते. तिच्यातून जो मार्ग निघाला तो असा की, गोळ्यातील विष काढून ते गरम पाणी किंवा दाहक सोडा ह्यांच्या योगाने फोडून टाकावे. कोलोरॅडोतील प्वेब्लो आणि केंटकीतील हे कोठार, दोन्ही ठिकाणी जाळण्याची भट्टी सोडून हाच मार्ग पत्करला. केंटकीतील अखेरचा अग्निबाण ७ जुलै २०२३ रोजी नष्ट झाला, आणि त्याबरोबर जगातील राष्ट्रांनी जाहीर केलेला रासायनिक शस्त्रांचा साठा, बहात्तर हजार टनांहून अधिक, संपला. शेवटचे टोक एका सुताराच्या गावाशेजारी यावे हा योग मोठा मौजेचा आहे.

ह्यावर आक्षेप निघेल आणि तो खोटा नाही. ह्या संवादात जवळजवळ चाळीस वर्षे गेली. अमेरिकेने करारातील मुदत पाळली नाही. आणि गंजत पडलेला गोळा हाही धोकाच होता. उलट आपल्या देशाने काय केले ते पाहावे. ऑगस्ट १९९२ मध्ये भारत व पाकिस्तान ह्यांनी संयुक्त घोषणा केली की, आम्ही रासायनिक शस्त्रे कधीही निर्माण करणार नाही वा बाळगणार नाही. पुढे एप्रिल १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय करार अमलात आला, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये भारताने हेग येथील संस्थेस कळविले की, आपल्यापाशी सुमारे १,०४५ टन मस्टर्ड आहे. नागरिकांस, ते आपल्या देशात आहे, हे ते नष्ट करावयाच्या वेळी कळले! मात्र नष्ट करण्याचे काम सरकारने नेटाने केले. वाढवून मिळालेली मुदत एप्रिल २००९ पर्यंत होती; त्याच्या आत, मार्चमध्ये, ते पुरे झाले. आल्बेनिया व दक्षिण कोरिया ह्यांच्या मागोमाग आपले राष्ट्र तिसरे. ही भूषणावह गोष्ट आहे आणि आम्ही ती तशीच मानतो.

तथापि एक गोष्ट खटकते. करारान्वये हेगहून आलेला परदेशी परीक्षक ते काम डोळ्यांनी पाहू शकत होता. कुंपणापलीकडे नांगर धरणाऱ्या कुणब्यास मात्र विचारावयाचे कायद्याने कोणावर बंधन नव्हते.

कायद्याचे कलम असे आहे. मोठा कारखाना वा खाण व्हावयाची असली म्हणजे २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी घ्यावी लागते. तीस दिवस अगोदर वृत्तपत्रांत सूचना, अहवालाचा सारांश लोकांच्या भाषेत, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी, आणि जो बोलेल त्याचे बोलणे लिहून घ्यावयाचे. आमच्या गोंदिया जिल्ह्यात तिरोड्यास एवढे प्रचंड वीजकेंद्र उभे आहे. तेव्हा हा प्रकार इकडील लोकांस अगदीच अपरिचित नाही. सुनावणीत आरडाओरडा होतो, मंडपात भाडोत्री टाळ्या वाजतात, हेही आम्ही जाणून आहोत. तरी दार असते, आणि तेथे उभे राहून बोलता येते. परंतु त्याच अधिसूचनेत राष्ट्रीय संरक्षणाशी संबंध असलेली कामे ह्या सल्लामसलतीतून वगळली आहेत. घडविण्याचे काम वगळले तर त्याचे कारण समजू शकते. मोडण्याच्या कामात शत्रूपासून लपविण्यासारखे काय आहे? सूनबाईंचे वाक्य येथे आठवावे: ज्या द्रव्याची घटना विद्यार्थ्यांच्या पुस्तकात आहे, ते कोणत्या रीतीने फोडून टाकणार हे शेजाऱ्यास सांगितल्याने देश दुबळा होत नाही.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही, हे आपल्या विदर्भात दिसून आले आहे. वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या दारूगोळा कोठाराजवळ, सोनेगावच्या बाजूस, जुना व निरुपयोगी दारूगोळा नष्ट करण्याचे मैदान आहे. २० नोव्हेंबर २०१८ रोजी तेथे ते काम चालू असताना स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यांत आसपासच्या खेड्यांतून मजुरीवर आलेली माणसे होती. तो दारूगोळा साधा होता. महासंहारक शस्त्रांपैकी नव्हे. पण मोडण्याच्या कामावर राबतो कोण, हे त्याने दाखविले. कोठारात काय आहे ह्याची वार्ता ज्यास नाही तोच पेटी उचलावयास जातो. उद्या, देवाच्या कृपेने, अणुबाँब मोडण्याची वेळ राष्ट्रांवर आली, तर त्यातून निघणारे द्रव्य हजारो वर्षे सांभाळावे लागेल, आणि ते ज्या तालुक्यात ठेवतील तेथील लोकांस अगोदर विचारणार की मागाहून कळविणार?

असे विचारणारी माणसे आमच्याच जिल्ह्यात पन्नास वर्षे राहत आहेत, हे पुष्कळांच्या लक्षात नाही. अर्जुनी-मोरगाव तालुक्यात प्रतापगडाजवळ गोठणगाव येथे तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग नावाची वसाहत १९७२ पासून आहे. त्यांचे धर्मगुरू दलाई लामा ह्यांनी २१ सप्टेंबर १९८७ रोजी वॉशिंग्टनमध्ये जी पाच कलमी शांतियोजना मांडली, तिच्या एका कलमात अशी मागणी होती की, तिबेटच्या भूमीत अण्वस्त्रे निर्माण करणे आणि अणुकचरा पुरणे चीनने बंद करावे. भूमी हातची गेली असूनही तीत काय पुरले जाते ह्याची चौकशी ते सोडीत नाहीत. आपल्या घरांतील मंडळी हिवाळ्यात त्या लोकांकडून लोकरीचे स्वेटर घेतात, भाव करतात, आणि परततात. ह्या खेपेस एखादा शब्द त्या विषयीही बोलावा.

ह्या सर्वांतून आम्ही एक सूचना काढली आहे. संरक्षणविषयक कामांस असलेली सूट शस्त्रे मोडण्याच्या कामास लागू असू नये. कोठाराचे नकाशे गुप्त राहोत, परंतु मोडण्याची रीत, हवेपाण्यावरील परिणाम आणि अपघाताच्या वेळी कोणी काय करावयाचे, एवढे शेजारच्या गावांस त्यांच्या भाषेत सांगून त्यांचे म्हणणे लिहून घ्यावे. पर्यावरण मंत्रालयास पाठविण्याकरिता अशा अर्जाचा मसुदा आम्ही तयार केला असून, ज्यांस सही करावयाची असेल त्यांनी संपादकांच्या पत्त्यावर कळवावे. बायकांच्या सह्या स्वतंत्र असाव्यात, यजमानांच्या सहीखाली नकोत. केंटकीत निम्मे प्रश्न आयांनीच विचारले असतील, अशी आमची समजूत आहे.

मसुद्यातील एका वाक्यावर मात्र अद्यापि एकमत नाही. आमच्या आळीतील, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले एक शेजारी म्हणतात की, मोडण्याचा दिवस आगाऊ जाहीर केला तर भंगारवाले व चोर त्या मैदानाभोवती गोळा होतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे; सबब दिवस कळवू नये. सूनबाई म्हणतात, दिवस कळला नाही तर त्या दिवशी मुलांना शाळेत पाठवावे की नाही हे आईने कसे ठरवावे? दोघांचेही म्हणणे साधार आहे. तूर्त ते वाक्य कंसात ठेविले आहे. वाचकांचे मत आल्यावर कंस काढू.