दृक्प्रत्ययाचा विसर

कोजागरीच्या एका संमेलनाची हकीकत प्रथम सांगतो. इंदुरातीलच एक मराठी वसाहत. पटांगणात मांडव, मांडवाला छत, छताखाली प्रखर दिव्यांची रांग. नाट्यगीते झाली, काव्यवाचन झाले, चंद्रावर दोन भाषणे झाली, केशरी दुधाचे पेलेही फिरले. चंद्र तेवढा कोणी पाहिला नाही. 'क्षणभर दिवे मालवा, बाहेर येऊन चंद्र पाहू,' असे आम्ही सुचविले, तेव्हा एक पदाधिकारी हसून म्हणाले, 'साहेब, चंद्र काय, उद्याही आहेच की!' त्या वाक्याला उत्तर म्हणून हा लेखप्रपंच.

परमुलखात राहून आपण मराठी संस्कृतीचे जतन करतो, असे आपण अभिमानाने सांगतो. दिवाळी अंक, गणेशोत्सव, नाट्यसंगीत, सारे ठीक. परंतु या संस्कृतीची एक ठळक सवय, रात्री अंगणात उभे राहून वर पाहण्याची, आपण अडगळीत टाकली आहे, असा आमचा स्पष्ट आरोप आहे.

पंचांगाचाच इतिहास पाहा. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने 1520 च्या सुमारास 'ग्रहलाघव' रचले आणि पुढे कित्येक पिढ्या महाराष्ट्रातच नव्हे, तर माळवा, गुजरात, कर्नाटकातही त्यावरून पंचांगे झाली. जुन्या गणितातले ग्रह आणि आकाशातले ग्रह जुळेनासे झाले, म्हणून या ग्रंथाची गरज पडली. त्याचे वडील केशव दैवज्ञ स्वतः वेध घेत. गणिताने जे सांगितले ते डोळ्यांना दिसले पाहिजे, या कसोटीस दृक्प्रत्यय म्हणतात. कालांतराने ग्रहलाघवही या कसोटीस उतरेना, तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे, लोकमान्य टिळक आणि बागलकोटास राहणारे, पेशाने शिक्षक असलेले व्यंकटेश बापूजी केतकर यांनी पंचांगशोधनाचा आग्रह धरला. आपल्या शेजारच्या उज्जैनची वेधशाळा सवाई जयसिंहांची. तिचा जीर्णोद्धार 1923 मध्ये माधवराव शिंद्यांनी केला आणि अधीक्षक म्हणून राबले ते गोविंद सदाशिव आपटे. आज पंचांग घरोघरी भिंतीवर टांगलेले आहे. ते आकाशाशी ताडून पाहणारा मात्र शोधून सापडत नाही.

लग्नातला प्रसंग आठवा. भटजी वधूवरांस अरुंधती दाखवितात. कोठे? मंगल कार्यालयाच्या छताकडे! वधू मान डोलावते, छायाचित्र निघते. सप्तर्षींच्या शेपटीतील मधल्या, म्हणजे वसिष्ठाच्या ताऱ्याशेजारी तो मंद ठिपका आजही आहे. आमची आजी त्याच सप्तर्षींस म्हातारीची बाज म्हणे आणि मागच्या तीन ताऱ्यांस चोर. तिला अक्षरओळख नव्हती. आम्हां पदवीधरांपैकी किती जणांस ती बाज दाखविता येईल?

ग्रहणांची कथा याहून खेदजनक. 22 जुलै 2009 रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा इंदुरावरून गेला. ढगांमुळे सूर्य दिसला नाही. परंतु उजाडून अर्धा तास झाला नाही तोच तीनेक मिनिटे रात्र उतरली. आम्ही गच्चीवर होतो. खालच्या कित्येक घरांच्या खिडक्या घट्ट बंद होत्या, आत सुशिक्षित माणसे बसली होती. सूर्यग्रहणात डोळ्यांस जपावे, सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहू नये, हे योग्यच. चंद्रग्रहणास तर तेवढ्याही खबरदारीची गरज नाही. तरीही 7 सप्टेंबर 2025 च्या खग्रास चंद्रग्रहणात आमच्या गल्लीत वेध कटाक्षाने पाळले गेले. आकाश ढगाळ की निरभ्र, हे पाहण्यापुरतेही कोणी दार उघडले नाही. 'वेध' या शब्दाचा एक अर्थ निरीक्षण असा आहे. आपण नेमका दुसरा अर्थ जपला.

यावर ठरलेले आक्षेप येतात. दुर्बीण महाग असते, हा पहिला. दुर्बीण लागतेच कोणास? उल्कावर्षाव पाहण्यास तर तिचा अडथळाच होतो. चटई आणि घोंगडी पुरे. नोकरीच्या काळात झाबुआकडे दौऱ्यावर असताना विश्रामगृहाच्या अंगणातून देवयानी दीर्घिका आम्ही नुसत्या डोळ्यांनी पाहिली आहे. तो धूसर डाग सुमारे 25 लाख प्रकाशवर्षे दूर आहे. आज आमच्या गच्चीवरून तो दिसत नाही. कारण दीर्घिका हलली नाही, दिवे वाढले.

म्हणूनच 'शहरात काही दिसत नाही' हा दुसरा आक्षेप आम्ही मान्य करतो. मात्र त्याचे उत्तरदायित्वही आपलेच. आकाशाकडे तोंड केलेला दिवा रस्ता उजळत नाही, वीज तेवढी जाळतो. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पास 2024 मध्ये अंधार-आकाश उद्यान म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी भोवतालच्या गावांतील दिव्यांची तोंडे खाली वळविली गेली. खेड्यांनी जे केले ते आपल्या वसाहतींस अशक्य का व्हावे?

साहित्यसंस्थेचा याच्याशी संबंध काय, हा तिसरा आक्षेप. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी 'ज्योतिर्विलास' या पुस्तकास 'रात्रीची दोन घटका मौज' असे दुसरे नाव दिले होते. मौज म्हणून तारे पाहावेत आणि ते मराठीत सांगावेत, हा मराठी साहित्यातलाच वारसा नव्हे काय? दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. संमेलनात हारतुरे आणि आभारप्रदर्शन यांस याहून अधिक वेळ जातो.

आमची मागणी माफक आहे. प्रत्येक संस्थेने महिन्यातून एक चांदणी रात्र राखावी आणि तेवढा वेळ पटांगणातले दिवे बंद ठेवावेत. 13 डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतील उल्कावर्षाव ऐन भरात असतो. त्या रात्री आम्ही चटई घेऊन पटांगणात येणार आहोत. दिव्यांची मुख्य कळ कोठे आहे, हे आम्हांस ठाऊक आहे.