किल्ले पाहा, पण पाणी शोधा

विद्यार्थी मित्रांनो, गणिताच्या तासाला तुम्ही ‘अल्जेब्रा’ हा शब्द ऐकता. तो अल्-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या एका ग्रंथाच्या नावातून आला आहे. ख्वारिझ्मी म्हणजे ख्वारिझमचा. हा ख्वारिझम प्रदेश मध्य आशियात आहे. त्याचा मोठा भाग आज उझबेकिस्तानात येतो. तेथे किझिलकुम, म्हणजे ‘लाल वाळू’, नावाचे वाळवंट आहे. या वाळवंटाच्या कडेला मातीचे कितीतरी प्राचीन किल्ले आहेत. म्हणूनच त्या भागाला ‘एल्लिक-कला’, म्हणजे ‘पन्नास किल्ले’, असे नाव पडले आहे.

खीवा शहरातून सकाळी मोटारीने निघाले, तर वाटाड्याबरोबर दोन-तीन किल्ले पाहून संध्याकाळी परत येता येते. वाटेत अमुदर्या नदी लागते. तुमच्या इतिहासाच्या पुस्तकात तिला जैहून म्हटलेले असेल. नदी ओलांडली की हिरवी शेते दिसतात आणि मग हळूहळू वाळू सुरू होते.

अयाझ-कलाचा एक किल्ला टेकडीच्या माथ्यावर आहे. तो दोन हजार वर्षांहून जुना आहे. त्याचे तट मातीचे आणि कच्च्या विटांचे असूनही आज उभे आहेत. बाण मारण्यासाठी ठेवलेल्या जंग्याही त्यांत दिसतात. तोप्रक-कला येथे तर तटाच्या आत गाव होते आणि राजाचा वाडा होता. सर्गेई टॉल्स्टॉव्ह या संशोधकाने १९३७ पासून या प्रदेशात शोधमोहिमा काढल्या. तोप्रक-कलाच्या वाड्यात भिंतींवरची चित्रे, मूर्ती आणि ख्वारिझमी भाषेतील लेख सापडले.

हे सर्व पाहण्यासारखे आहे. वाटाडेही ते उत्साहाने दाखवतात. पण माझे मत असे आहे की, केवळ तट आणि बुरूज पाहून परतणाऱ्याने अर्धाच किल्ला पाहिला. उरलेला अर्धा किल्ला पाण्यात आहे. या वाळवंटात माणसे राहिली कशी? ती पीत काय होती? पिकवत काय होती? याचे उत्तर बुरुजात नाही, कालव्यात आहे. अमुदर्याचे पाणी कालव्यांनी दूरवर नेले होते. ते कालवे आता कोरडे पडले आहेत. विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत त्यांच्या खुणा संशोधकांना दिसल्या.

कोणी म्हणेल, किल्ले ओस पडले ते स्वाऱ्यांमुळे. तेही खरे आहे. राज्ये बदलली, लढायाही झाल्या. पण लढाईत पडलेला तट पुन्हा बांधता येतो. पाणीच आले नाही, तर तट कितीही भक्कम असला तरी आत राहणार कोण?

नदी जशी देते तशी नेतेही. ‘किताबुल हिंद’ लिहिणारा अल्-बिरुनी याच प्रदेशात ९७३ साली जन्मला. त्याच्या काथ नगराजवळचा मोठा किल्ला जैहूनने दरवर्षी थोडाथोडा कापून नेला. सुमारे ९९४ साली त्याचे शेवटचे अवशेषही गेले, असे त्याने लिहून ठेवले आहे.

ही केवळ जुनी गोष्ट नाही. याच अमुदर्याचे पाणी पूर्वी अरल समुद्राला मिळत असे. १९६० नंतर कापसाच्या शेतीसाठी नद्यांचे पाणी फार मोठ्या प्रमाणावर वळवले गेले. समुद्र आटत गेला. मुयनाक हे एकेकाळचे बंदर. तेथे आज मासेमारीची जहाजे वाळूत गंजत उभी आहेत. तेथे कोणत्याही शत्रूने हल्ला केला नव्हता.

म्हणून मित्रांनो, पुढे कधी असा किल्ला पाहण्याची संधी मिळाली, तर तटाची उंची जरूर विचारा. छायाचित्रेही काढा. पण त्याआधी वाटाड्याला एक प्रश्न करा : “येथे पाणी कोठून येत होते आणि ते का थांबले?” त्याच्या उत्तरातून तुम्हांला किल्ल्याचा खरा इतिहास कळेल. मग घरी आल्यावर आपल्या गावाचे पाणी कोठून येते, हेही तुम्ही विचारू लागाल.